सुभानभाई शांत झाले

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला की सुभानभाई तांबोळींचं बीपी वाढायचं, आणि वाढतंय असं वाटलं की आणखी वाढायचं. शिरूरच्या सरकारी दवाखान्यात त्या सोमवारी ते एकशे सत्तर बाय एकशे दहा भरलं. डॉक्टरांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. ते टोपण लागताना सुभानभाई बघतच राहिले.

कारण त्या पेनाची सही पाहिजे होती. सुभानभाईंच्या आईचा, इमामबींचा, हजला जायचा नंबर लागला होता. वय वर्षं बहात्तर. एवढ्या वयाच्या माणसाला एकटं पाठवत नाहीत, घरचं कोणीतरी जोडीदार म्हणून जावं लागतं, आणि तो जोडीदार म्हणजे सुभानभाई. दोघांनी तब्येतीचा दाखला सरकारी डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी दीड महिन्यात भरायचा होता. एकाचा अडला की दोघंही घरी. इमामबींच्या दाखल्याची कोणालाच काळजी नव्हती. ती बाई आयुष्यात कधी मोठ्यानं बोललेली कोणी ऐकली नव्हती. नवरा गेला तेव्हासुद्धा तिनं आधी आलेल्या माणसांना पाणी दिलं होतं. अडलं होतं ते पोरापाशी.

"गोळी सुरू करा," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी एक. पंधरा दिवसांनी या."

"गोळी नको साहेब," सुभानभाई म्हणाले. "एकदा लागली की जन्माची लागते."

आता हे त्यांना कोणी सांगितलं होतं म्हणाल तर कोणीच नाही आणि सगळ्यांनी. आपल्याकडे ही गोष्ट जन्मतःच ठाऊक असते. हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूससुद्धा छाती उघडून दाखवील, पण बीपीची गोळी चालू आहे हे चार माणसांत सांगणार नाही. सुभानभाईंचं म्हणणं असं, की आपल्याला आजार कसलाच नाही. टेन्शन आहे. आणि टेन्शन काय, माणसानं मनावर घेतलं की जातं.

टेन्शन होतं हे मात्र खरं. ते सणसवाडीच्या एका कंपनीत डिस्पॅच सुपरवायझर होते. कंपनी स्प्रिंगा बनवायची. दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदीतून, मॅनेजरशी इंग्रजीतून आणि लोडिंगच्या माणसांशी हातवाऱ्यांनी भांडायचं, आणि संध्याकाळी चाळीस किलोमीटर गाडी हाणत शिरूरला घरी यायचं. असा माणूस शांत राहिला असता तर उलट डॉक्टरांना दाखवावं लागलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी बातमी सांगितली. त्यांची बायको सुफिया म्हणाली, "अहो, घ्या की गोळी. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे."

"माझ्या मनावर माझा ताबा आहे," सुभानभाई म्हणाले, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं.

इमामबी कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, पोराकडं जरा वेळ बघितलं आणि पुन्हा खडा शोधायला लागल्या. "होईल सगळं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुभानभाईंनी बीपी मोजायचं मशीन आणलं, आणि तिथून सगळं बिघडलं. तुमच्या गल्लीत कोणी असं मशीन आणलं तर त्याला आधी सांगा, कपाटात ठेव, कुलूप लाव आणि किल्ली घोडनदीत टाक. सुभानभाईंनी ते ओट्यावर बसून लावलं. दहा मिनिटांत समोरचे मारुतराव हजर. मारुतराव म्हणजे पंचवीस एकर बागायतीचे मालक, सोसायटीचे माजी चेअरमन आणि पुढच्या निवडणुकीपासून पुन्हा चेअरमन.

"सुभानभाई, तुमी टेन्शन लय घेता!" ते रस्त्यापलीकडूनच ओरडले. मारुतराव कुजबुजले तरी ते स्टँडपर्यंत ऐकू जातं. "माझ्याकडं बघा. दोन मतानं पडलो मागच्या टायमाला. दोन मतानं! तरी घरी जाऊन घोरत पडलो. माणसानं आसं थंड पायजे. लावा, माजं लावा."

त्यांचं एकशे ऐंशी आलं.

मारुतरावांनी मशीन उलटंपालटं करून पाहिलं. "चायनाचं हाय," असा निकाल दिला. मग त्यांना दोन मतांनी पाडणारे गृहस्थ कुठूनसे तिथंच आले आणि त्यांचं एकशे वीस निघालं. त्यावरून ओट्यावर जो कालवा झाला तो विचारू नका. मारुतरावांचं म्हणणं, मतं खाल्ली तसा आकडाबी खाल्ला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सुभानभाईंच्या ओट्यावर रांग लागायला लागली. कोणाचं किती, कोणाचं जास्त, कोणाचं परवापेक्षा कमी, याची चर्चा चौकापर्यंत जायची. शेवंताबाईंनी तर सुनेशी भांडण व्हायच्या आधी आणि नंतर असं दोनदा मोजून घेतलं आणि दोन्ही आकडे सुनेला दाखवले. अख्खी गल्ली मोजून झाली. फक्त इमामबींनी कधी दंड पुढं केला नाही.

"माझं काय मोजताय," त्या हसून म्हणायच्या. "मला कसलं टेन्शन."

खरंच होतं ते. पहाटेच्या नमाजनंतर त्या नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीपाशी जायच्या आणि टाकीला सात फेऱ्या मारायच्या. तिथं गेल्यावर काबाला सात फेऱ्या माराव्या लागतात, तर पायांना सवय असावी म्हणून. टाकीचा वॉचमन आधी हटकायचा, मग त्यानंच फेऱ्या मोजायला सुरुवात केली. गळ्यात घालायची पिशवीही त्यांनी शिवून ठेवली होती, निळ्या खणाची, आत दोन कप्पे, एक पासपोर्टाला आणि एक चष्म्याला. चाळीस वर्षं ही बाई तिकडं जायचं म्हणत होती. चाळीस वर्षांत दर वेळी घरात काहीतरी निघालं, कधी लग्न, कधी आजारपण, कधी पोराचं घर, आणि दर वेळी ती "होईल सगळं" म्हणाली होती.

पंधरा दिवसांनी सुभानभाई पुन्हा दवाखान्यात गेले. जाताना त्यांनी शंभर वेळा स्वतःला बजावलं, शांत राहा. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, आधारची झेरॉक्स आणा. झेरॉक्स आणली. म्हणाला, दोन्ही बाजूंची आणा. दोन्ही बाजूंची आणली. म्हणाला, एकाच पानावर आणा. ती आणेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. शेवटी दंडाला पट्टा लागला तेव्हा एकशे शहात्तर आलं.

"गोळी घेताय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी मनावर काम करतोय," सुभानभाई म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खिशातून काढलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी सुभानभाई ओट्यावर डोकं धरून बसले. आपल्यापायी आईचं राहणार, हा विचार त्यांच्या छातीवर बसला तो उठेचना. जगात इतकी माणसं आहेत, दारूडी आहेत, लबाड आहेत, त्यांचं बीपी नीट आहे आणि आपण एक सही मिळवू शकत नाही. लाज वाटून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नेमकं तेव्हाच हौसराव आले.

हौसराव म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. नोकरी संपल्यावर त्यांना मनःशांती सापडली होती आणि ती वाटल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. सोसायटीच्या गोदामात खताच्या पोत्यांशेजारी ते रोज सकाळी 'समतोल मन वर्ग' चालवायचे. आपण कधी चिडत नाही असं ते सांगायचे, आणि कोणी यावर शंका घेतली तर चिडायचे.

"सुभानभाई, तुमचा आजार शरीराचा न्हाईच," त्यांनी सांगितलं. "जे घडंल त्याला फक्त दोन शब्द म्हणायचे. 'असू दे.' आनंदाचं आसलं तरी असू दे, दुःखाचं आसलं तरी असू दे. आतून म्हणायचं पण. एक महिना करा."

बुडत्याला हौसराव मिळाले. सुभानभाई दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला युरियाच्या वासात मांडी घालून बसले.

कंपनीत पहिल्याच आठवड्यात प्रसंग आला. चाकणला जायचा माल नाशिकच्या गाडीत चढला आणि गाडी गेलीसुद्धा. एरवी सुभानभाईंनी छपराचे पत्रे हलवले असते. या वेळी त्यांनी डोळे मिटले, दहा श्वास मोजले आणि म्हणाले, "असू दे." लोडिंगची माणसं घाबरून लांब सरकली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तांबोळी साब को कुछ हो गया।" संध्याकाळी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तांबोळी, तुम्हाला दुसरीकडं जॉब लागलाय का?" बावीस वर्षं घसा फोडून काम केलं तेव्हा कोणी बोलावलं नव्हतं. सुभानभाईंना ते लागलं. पण तेही त्यांनी असू दिलं.

मशीनवर मात्र एकशे बाहत्तरच.

याच सुमारास इमामबींनी पोराचा सकाळचा चहा आपल्या हातात घेतला. "सुफियाला डब्याची घाई असते," म्हणाल्या. चहा जरा कडवट लागायचा.

"अम्मी, काय घातलंस यात?"

"वेलदोडा. आणि जरा काढ्याची पूड. पी गुमान."

सुभानभाईंनी गुमान प्यायला. आणि काय सांगावं, आठव्या दिवशी मशीननं एकशे अठ्ठावन्न दाखवलं. मग एकशे अठ्ठेचाळीस. मग, ओट्यावर मारुतराव, शेवंताबाई आणि रांगेतल्या अकरा माणसांच्या साक्षीनं, एकशे चौतीस बाय शहाऐंशी!

हौसरावांनी तिथंच डोळे मिटून हात जोडले, पण एक डोळा जरा उघडा ठेवला, सगळे बघतायत ना ते बघायला. मारुतरावांनी मशीन चायनाचं असल्याचं मत मागं घेतलं. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'आपल्या गल्लीचे सुपुत्र मा. सुभानभाई तांबोळी यांनी मनाच्या ताकदीवर बीपी १७६ वरून १३४ वर आणल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : मारुतराव (माजी व भावी चेअरमन).' सुभानभाईंचा फोटो लहान होता, मारुतरावांचा मोठा. आपलं बीपी असं चौकात टांगलेलं पाहून सुभानभाईंना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संध्याकाळी दोन अनोळखी माणसं पत्ता विचारत आली आणि "तुमी कसं काय केलं?" म्हणाली, तेव्हा ते सावरून बसले.

मग मात्र त्यांना आवरणं कठीण झालं. आपला माणूस एकदा शांत झाला ना, की तो दुसऱ्याला शांत राहू देत नाही. सुभानभाई गल्लीला समतोल समजावून सांगायला लागले. सुफियाच्या हातून दूध उतू गेलं तर तिला बसवून श्वास मोजायला लावायचे, आणि तोवर उरलेलं दूध करपायचं. घोटे जरा सुजले होते, बूट आवळून लागायचे. हौसराव म्हणाले, बैठक सिद्ध होत असली की पाय सुजतात. सुभानभाईंनी तेही चार जणांना सांगितलं.

इमामबी आताशा डोक्याला फडकं घट्ट बांधून बसायच्या.

"अम्मींचं डोकं रोज दुखतंय," सुफिया म्हणाली. "टाकीचा वॉचमन सांगत होता, सातच्या चार फेऱ्यांवर आल्यात. काल तीनच मारल्या आणि पायरीवर बसल्या."

"हवेचं असेल ग," इमामबी म्हणाल्या.

"अम्मी, तू विचार फार करतेस," सुभानभाई त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. "बघ, माझ्याकडं बघ. जे होतंय ते असू दे म्हणायचं."

इमामबींनी पोराकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरलेला नव्हता, कपाळावरची शीर दिसत नव्हती. त्यांना इतकं बरं वाटलं की त्या हसल्या. "बरं," म्हणाल्या.

दाखला भरायला चार दिवस राहिले तेव्हा सुभानभाई छाती काढून शिरूरच्या दवाखान्यात गेले. टोपणवाले डॉक्टर ट्रेनिंगला गेले होते. शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली डॉक्टरांबरोबर ट्रेनिंगला गेली होती. बदलीवरच्या बाईंनी फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या, आजींच्या आधारवर पत्ता दौंडचा आहे, तुम्ही दौंडलाच जा, दोघं एकदमच जा. पत्ता दौंडचा होता कारण सुभानभाईंची बहीण सायमा तिथं दिली होती आणि इमामबी कार्ड काढायच्या वेळी तिच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. दौंडला फोन केला तर कळलं, सही करणारे साहेब थेट शेवटच्या दिवशी बसणार. दुपारी एकपर्यंत सही, पाचच्या आत फॉर्म अपलोड.

"असू दे," सुभानभाई म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळी साडेसहाला आई आणि मुलगा निघाले. इमामबींनी निळी पिशवी गळ्यात घातली होती, सवय म्हणून. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी पाऊण तास रांगत होती. असू दे. चौफुल्याला वळल्यावर डाव्या चाकाला पंक्चर. स्टेपनी काढली, तर ती आधीपासूनच बसलेली. सुभानभाईंनी दहा श्वास मोजले, चाक रिक्षात घालून वरवंडला नेलं, पंक्चरवाला आंघोळीला गेला होता तो येईपर्यंत थांबले आणि चाक घेऊन परत आले. इमामबी तासभर रस्त्याकडेच्या दगडावर बसून होत्या. उन्हानं त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बरी आहेस ना?"

"मला काय झालंय," इमामबी म्हणाल्या, पण उठताना त्यांनी दोनदा दाराचा आधार घेतला.

दौंडच्या दवाखान्यात सायमा जागा धरून बसली होती. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचे नव्हते, निळ्या पार्श्वभूमीचे होते. ते काढून आणले. फॉर्म पाठपोट छापला होता, तो एका बाजूला छापून पाहिजे होता. तो छापून आणला. या सगळ्यात सुभानभाईंनी एकदाही आवाज चढवला नाही. रांगेतला एक माणूस त्यांच्याकडं पाहून म्हणाला, "पाव्हणं, तुमी सरकारी नोकरीत का?"

साडेबाराला नंबर आला. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी पट्टा गुंडाळला. सुभानभाई छताकडं बघून मंद हसत राहिले.

"एकशे अठ्ठावीस बाय ब्याऐंशी. छान. गोळी कुठली घेता?"

आता हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसता तर ते आजारी पडले असते. "गोळी नाही डॉक्टर," ते म्हणाले, आणि पुढची सात मिनिटं त्यांनी मन, श्वास, युरियाचं गोदाम आणि फ्लेक्स यांबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी ऐकता ऐकता सही केली. शिक्का मारला. तो शिक्क्याचा आवाज ऐकून सुभानभाईंना वाटलं, आपण आयुष्यात एक गोष्ट तरी धड केली.

"आता आजी."

"त्यांचं नुसतं नावाला," सुभानभाई हसले. "मी शांत राहायला शिकलो, त्या मुळात शांतच."

डॉक्टरांनी मोजलं. दुसऱ्या दंडाला लावून मोजलं. मग नर्सला सांगून दुसरं मशीन आणवलं. "दोनशे चार बाय एकशे सोळा," ते हळूच म्हणाले. "आजी, डोकं दुखतं का? गोळी चालू आहे ना?"

"गोळी कसली?" सुभानभाईंनी विचारलं.

दारात उभी असलेली सायमा पुढं आली. "चालू आहे की डॉक्टर. चार वर्षं झाली. इथूनच मिळते, मी दर महिन्याला नेते आणि पोचवते. मोजून तीस."

"चार वर्षं?" सुभानभाई म्हणाले. "आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तुझं वाढलं असतं," इमामबी म्हणाल्या.

"पाकीट बघू आजी," डॉक्टरांनी हात पुढं केला.

इमामबींनी निळ्या पिशवीच्या चष्म्याच्या कप्प्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं. तिसाच्या तीस घरं फुटलेली होती. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि पदराशी चाळा करत बसल्या.

"म्हणजे घेतल्यात सगळ्या. मग इतकं कसं?"

"मी नाही घेतल्या," इमामबी खाली बघून म्हणाल्या. "ह्याला दिल्या. चहातून. खलबत्त्यात बारीक करून, वेलदोड्याबरोबर. हा गोळी घेईना, आणि ह्याची सही झाल्याशिवाय जायचं होईना. मी म्हटलं, मला कुठं टेन्शन आहे, महिनाभर नाही घेतली तर काय होतंय."

डॉक्टरांनी सुभानभाईंकडं पाहिलं, या गोळीनं सुजतात तशा सुजलेल्या त्यांच्या घोट्यांकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. सुभानभाईंनाही समजलं. गोदामातले श्वास, असू दे, ओट्यावरचं भाषण, चौकातला फ्लेक्स. रोज सकाळी कपभर. आणि ज्या बाईला त्यांनी शांत कसं राहायचं ते मांडी घालून शिकवलं होतं, ती तेव्हा डोकं बांधून बसली होती.

डॉक्टर चांगले होते, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी इमामबींना गोळी दिली, आत झोपवलं आणि अडीच तासांनी पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. सुभानभाई हात जोडून म्हणाले, "साहेब, फक्त आज करा. उद्यापासून मी स्वतः देतो गोळी, बसून देतो. आजच शेवटचा दिवस आहे. चाळीस वर्षं थांबलीय ती." डॉक्टर म्हणाले, "काका, तिथं पंचेचाळीस डिग्रीत चालायचं असतं. मी सही केली आणि आजींना तिकडं काही झालं, तर?" मग त्यांनी सुभानभाईंचा सही झालेला दाखला ओढून घेतला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. गोळी कोणाची आणि आकडा कोणाचा, हे त्यांना कुठं लिहिता येत नव्हतं.

"पंधरा दिवस नियमानं घ्या आजी. मग या."

"बरं," इमामबी म्हणाल्या. डॉक्टरांना त्यांनी दुआ दिली, नर्सच्या गालावरून हात फिरवला, आणि रडायला लागलेल्या सायमाला म्हणाल्या, "घरी जा, पोरं शाळेतून येतील. मक्केहून बुलावा आला की जायचं होईल."

दोघं परत निघाले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना वरवंडच्या चौकात सुभानभाईंनी गाडी थांबवली. कशासाठी ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पुढं जायचं कुठं आणि कशाला, असं झालं होतं. टपरीवर बाकडं होतं, त्यावर दोघं बसले. दोन चहा आले. सुभानभाईंनी कप तोंडाला लावला. चहा गोड होता, महिन्यानं पहिल्यांदा गोड. त्यांनी कप खाली ठेवला.

त्यांना ओरडायचं होतं. आईवर, स्वतःवर, हौसरावांवर, टोपणाच्या पेनावर. एरवी त्यांनी टपरी डोक्यावर घेतली असती. पण आतून काही वर येईचना. इमामबींची सकाळची गोळी अजून त्यांच्या अंगात होती, आणि ती आपलं काम इमानानं करत होती. आपल्या शांतपणाची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"अम्मी," ते म्हणाले, "चिडलीस तरी चालेल ग माझ्यावर."

इमामबींनी चहाचा कप बाकड्यावर ठेवला. टपरीतल्या घड्याळाकडं पाहिलं. पाच वाजून गेले होते. त्यांनी गळ्यातली निळी पिशवी काढली, तिची नीट घडी केली, मग ती घडी मोडली, मग पुन्हा घातली. आणि एकदम तोंडाला पदर लावला.

"मला जायचं होतं रे, सुभान!" त्या म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या. पंक्चरच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला. "मला जायचं होतं! तुझं लग्न झालं तेव्हा जायचं होतं. घर बांधलंस तेव्हा जायचं होतं. कुणी विचारलं नाही मला, आन् मी बरं म्हणत राहिले. पाय उचलत नव्हता तरी टाकीला फेऱ्या मारल्या मी. एक फेरी तर मोजायला वॉचमनसुद्धा नव्हता. मला जायचं होतं रे, आन् तू मला असू दे म्हणायला शिकवतोस!"

आणि बहात्तर वर्षांची ती बाई हायवेच्या कडेला, ट्रकांच्या हॉर्नपेक्षा मोठ्या आवाजात रडायला लागली. सुभानभाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. गप्प हो म्हणाले नाहीत. श्वास मोज म्हणाले नाहीत. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला त्यांनी हात सोडला नाही.

टपरीवाला फडकं खांद्यावर टाकून धावत आला. "काय झालं ओ? आजीला काय होतंय? गाडी बोलवू का?"

"नको," सुभानभाई म्हणाले. "काय न्हाई झालं. बीपी उतरतंय तिचं."